घन प्रणोदकांतील पूरक द्रव्ये आणि ज्वलनवेग : तापविश्लेषणावर आधारित संशोधनाची समीक्षा

प्रस्तावना

अग्निबाणाच्या घन इंधनात, म्हणजेच घन प्रणोदकात, शेकडा एक-दोन भागांहूनही कमी प्रमाणात मिसळलेले एखादे द्रव्य त्या इंधनाचा ज्वलनवेग लक्षणीय प्रमाणात बदलू शकते, ही बाब रसायनशास्त्राला अनेक दशकांपासून परिचित आहे. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या साहाय्यक अग्निबाणांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९८१ ते २०११ या काळात वापरल्या गेलेल्या या अग्निबाणांच्या प्रणोदकात अमोनियम परक्लोरेट ६९.६ टक्के, ॲल्युमिनियम १६ टक्के आणि उरलेला भाग प्रामुख्याने बहुवारिक बंधकाचा होता. आयर्न ऑक्साइड केवळ ०.४ टक्के होते. तरीही ज्वलनवेग नियंत्रित करण्याचे काम याच ०.४ टक्क्याकडे होते. एका अग्निबाणातील सुमारे ५०० टन प्रणोदकात ही तांबडी भुकटी अवघी दोन टन भरते.

अत्यल्प द्रव्याच्या या मोठ्या परिणामामुळे पूरक द्रव्यांचा अभ्यास हे संशोधनाचे स्वतंत्र क्षेत्र बनले. गेल्या दोन-अडीच दशकांत नॅनो पदार्थांच्या निर्मितीच्या सोप्या पद्धती महाविद्यालयीन प्रयोगशाळांपर्यंत पोहोचल्या आणि या क्षेत्रातील लेखनाला मोठी गती मिळाली. लोह, तांबे, कोबाल्ट, मँगनीज, निकेल यांची ऑक्साइडे आणि फेराइटे तयार करावीत, ती अमोनियम परक्लोरेटमध्ये मिसळावीत, मिश्रणाचे तापविश्लेषण करावे आणि अपघटनाचे तापमान किती अंशांनी खाली आले ते नोंदवावे, असा या लेखनाचा एक ठराविक साचा तयार झाला आहे. साच्याच्या शेवटी बहुधा एक विधान येते : सदर पदार्थ घन प्रणोदकांसाठी उत्तम ज्वलन-उत्प्रेरक आहे.

प्रस्तुत लेखात या शेवटच्या विधानाची समीक्षा केली आहे. अपघटनाविषयीचा पुरावा ज्वलनाविषयीचा निष्कर्ष पेलू शकतो काय, हा येथील मध्यवर्ती प्रश्न होय. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या परिक्षेत्रात वाढलेल्या येथील भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र विभागांना ऑक्साइडे व फेराइटे यांची निर्मिती चांगली परिचित आहे. तयार पदार्थाला उपयोजनाची जोड हवी म्हणून प्रणोदकाकडे वळण्याचा मोह अशा ठिकाणी स्वाभाविक असतो.

पूरक द्रव्यांचे कार्य

समीक्षेपूर्वी पूरक द्रव्ये या संज्ञेची व्याप्ती स्पष्ट करणे आवश्यक आहे. आजच्या संमिश्र घन प्रणोदकात तीन प्रमुख घटक असतात : ऑक्सिडीकारक म्हणून अमोनियम परक्लोरेट, धातुइंधन म्हणून ॲल्युमिनियमची भुकटी, आणि या दोहोंना धरून ठेवणारे व स्वतःही जळणारे बंधक. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्यातील सुमारे १३८ टन प्रणोदक आणि १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ घेऊन गेलेल्या एलव्हीएम-३ प्रक्षेपकाच्या दोन्ही बाजूंच्या अग्निबाणांतील प्रणोदक याच प्रकारचे आहे. त्यात एचटीपीबी हे रबरासारखे बहुवारिक बंधक म्हणून वापरले जाते. पुण्यात विकसित झालेल्या पिनाक अग्निबाणाचे प्रणोदकही घनच आहे. त्याच्याशी निगडित असलेली पुण्याच्या सुतारवाडीतील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा साताऱ्यापासून जेमतेम काही तासांच्या अंतरावर आहे.

या तीन घटकांखेरीज जे अल्प प्रमाणात मिसळले जाते ते पूरक द्रव्य. त्याचे कार्य एकाच प्रकारचे नसते. आयर्न ऑक्साइड, कॉपर क्रोमाइट व फेरोसीनची संयुगे ज्वलनवेग वाढवतात. ऑक्झामाइड, अमोनियम ऑक्झलेट व लिथियम फ्लोराइड तो कमी करतात. नायट्रोसेल्युलोज व नायट्रोग्लिसरीन यांच्यापासून बनणाऱ्या द्वि-आधारी प्रणोदकांत शिशाचे क्षार वेगळीच कामगिरी करतात : दाबाच्या एका विशिष्ट पट्ट्यात ज्वलनवेग दाबावर जवळजवळ अवलंबून राहत नाही. डायफिनिलअमाइनच्या वर्गातील द्रव्ये साठवणुकीतील ऱ्हास रोखतात. काही द्रव्ये बंधक आणि स्फटिक यांच्यातील पकड वाढवतात. ॲल्युमिनियम प्रमाणाने मोठा घटक असला तरी त्याचे एक कार्य पूरक स्वरूपाचे आहे. त्याच्या ज्वलनातून निर्माण होणारे ऑक्साइडचे सूक्ष्म कण ज्वलनकक्षातील दाबाची आंदोलने शमवतात.

या यादीवरून एक गोष्ट लक्षात येते. पूरक द्रव्याचे मूल्य ‘वेग वाढला’ एवढ्या एकाच मापाने ठरत नाही. वेग किती असावा, दाबाबरोबर तो कसा बदलावा, साठवणुकीत तो टिकावा काय, असे अनेक निकष तेथे एकाच वेळी लागू होतात. तापविश्लेषणाधारित लेखनात यांपैकी बहुतेक निकष अनुपस्थित असतात.

तापविश्लेषण काय दाखवते

अमोनियम परक्लोरेटचे अपघटन हा घन अवस्थेच्या रसायनशास्त्रातील एक सखोल अभ्यासलेला विषय आहे. जेकब्स व व्हाइटहेड यांनी १९६९ मध्ये त्याचा विस्तृत आढावा घेतला. पदार्थ सावकाश तापवला असता सुमारे २४० अंश सेल्सिअसला त्याच्या स्फटिकाची रचना बदलते आणि उष्मा शोषला जातो. पुढे सुमारे ३०० अंशांच्या आसपास पहिले अपघटन सुरू होते. सुमारे ३० टक्के पदार्थ खर्ची पडल्यावर ते मंदावते. उरलेला सच्छिद्र पदार्थ ४०० अंशांच्या वरच्या टप्प्यात अपघटित होतो. संक्रमण धातूंची ऑक्साइडे मिसळली असता हा वरचा टप्पा बऱ्याच अंशांनी खाली येतो. अनेकदा दोन्ही टप्पे एकमेकांत मिसळून आलेखावर एकच उंच शिखर दिसते.

हे निरीक्षण खरे आहे, पुन:पुन्हा पडताळलेले आहे आणि त्याचे शास्त्रीय मूल्य निर्विवाद आहे. ऑक्साइडच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण कशी होते, अमोनिया व परक्लोरिक आम्ल यांचे पुढे काय होते, यांविषयीची समज अशाच प्रयोगांतून वाढली. या पद्धतीत अवघे काही मिलिग्रॅम पदार्थ पुरतो, ही तिची आणखी एक जमेची बाजू. महाविद्यालयात ती सुरक्षितपणे वापरता येते आणि म्हणूनच ती लोकप्रिय झाली. दोष पद्धतीत नसून तिच्या आधारे काढल्या जाणाऱ्या अनुमानात आहे.

अनुमानातील पहिली अडचण : तापण्याचा वेग

तापविश्लेषणात नमुना साधारणपणे मिनिटाला १० अंश, म्हणजे सेकंदाला अंशाचा सहावा भाग, या वेगाने तापवला जातो. जळत्या प्रणोदकाच्या पृष्ठभागाची स्थिती याच्याशी ताडून पाहावी. प्रणोदकाची उष्मा-विसरणक्षमता सेकंदाला ०.१५ चौरस मिलिमीटर आणि ज्वलनवेग सेकंदाला १० मिलिमीटर धरला, तर पृष्ठभागाखालील तापलेल्या थराची जाडी या दोहोंच्या भागाकाराइतकी, म्हणजे सुमारे ०.०१५ मिलिमीटर येते. ज्योत हा थर सुमारे दीड सहस्रांश सेकंदात ओलांडते. तेवढ्या अवधीत द्रव्याचे तापमान पाचशे-सहाशे अंशांनी चढते. म्हणजेच तापण्याचा वेग सेकंदाला काही लाख अंश असतो.

दोन वेगांमधील तफावत दहा लाख पटींहून अधिक आहे. सावकाश तापवताना जे टप्पे स्पष्टपणे अलग दिसतात, ते या अवधीत अलग राहण्याचा संभवच नसतो. स्फटिकात केंद्रके तयार व्हावीत, ती वाढावीत, पदार्थ सच्छिद्र व्हावा, यासाठी प्रयोगशाळेतील नमुन्याला मिनिटे मिळतात. जळत्या पृष्ठभागाला सेकंदाचा सहस्रांश मिळतो. ४३० अंशांवरील शिखर ३४० अंशांवर आले, या नोंदीचा ज्वलनाशी असणारा संबंध म्हणूनच सिद्ध करावा लागतो, गृहीत धरता येत नाही.

दुसरी अडचण : दाब

बहुसंख्य तापविश्लेषण वातावरणीय दाबाला केले जाते. अग्निबाणाच्या ज्वलनकक्षातील दाब त्याच्या साधारण ४० ते ७० पट असतो. हा फरक केवळ संख्येचा नाही. शुद्ध अमोनियम परक्लोरेट सामान्य तापमानाला व वातावरणीय दाबाला पेटवले तरी स्वतःहून जळत राहत नाही. त्यासाठी वातावरणाच्या सुमारे २० पट दाब लागतो, ही मर्यादा १९७० च्या सुमारास बॉग्ज यांच्यासह अनेकांच्या प्रयोगांतून प्रस्थापित झाली. ज्या दाबाला हा पदार्थ मुळी जळतच नाही, त्याच दाबाला तापविश्लेषणाच्या भांड्यात त्याचे संपूर्ण अपघटन होते. अपघटन आणि ज्वलन या दोन भिन्न घटना आहेत याचा याहून सोपा पुरावा शोधण्याची गरज नाही.

तिसरी अडचण : अनुपस्थित घटक

प्रणोदकात ऑक्सिडीकारकाचे कण बंधकात रुतलेले असतात. बेकस्टेड, डेर व प्राइस यांनी १९७० मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार अशा कणावर एकच ज्योत नसते. कणाच्या वर ऑक्सिडीकारकाची स्वतःची ज्योत असते. कण आणि बंधक यांच्या सीमेवर दोघांच्या वायूंची प्राथमिक ज्योत पेटते. त्यापलीकडे अंतिम ज्योत असते. पृष्ठभागाकडे परतणारी उष्णता या तिन्ही ज्योतींच्या अंतरावर अवलंबून असते. उत्प्रेरक यांपैकी नेमका कोठे कार्य करतो याबद्दल अभ्यासकांमध्ये दीर्घकाळ मतभेद राहिले. मग ज्या प्रयोगात बंधकच नाही, त्या प्रयोगातून या प्रश्नाचे उत्तर कसे मिळणार?

बंधकाच्या अनुपस्थितीचा व्यावहारिक परिणामही आहे. प्रणोदक हा ओतण्याजोगा घट्ट लगदा असतो आणि तो साच्यात ओतून घट्ट होऊ द्यावा लागतो. अतिसूक्ष्म भुकटीमुळे लगद्याची श्यानता वाढते. लोहाची काही संयुगे बंधकाच्या घट्ट होण्याच्या क्रियेलाच गती देतात आणि ओतण्यासाठी मिळणारा अवधी घटतो. नॅनो कण लगद्यात सुटे राहतीलच याचीही हमी नसते. त्यांचे पुंजके झाले तर ज्या पृष्ठफळाच्या बळावर त्यांची निवड झाली तेच नाहीसे होते. द्रवरूप फेरोसीन संयुगे साठवणुकीत प्रणोदकातून सरकत पृष्ठभागाकडे जातात, त्यामुळे वेगही बदलतो आणि घर्षणाविषयीची संवेदनशीलताही वाढते. तापविश्लेषणाच्या आलेखावर यांतील एकही बाब उमटत नाही.

चौथी अडचण : कणांचे आकारमान

ऑक्सिडीकारकाचे कण जितके बारीक तितका ज्वलनवेग अधिक, हा या विषयातील प्राथमिक नियम आहे. त्यामुळेच प्रत्यक्ष प्रणोदकात जाड व बारीक कणांचे ठरावीक प्रमाण राखले जाते. तापविश्लेषणासाठी उत्प्रेरक व परक्लोरेट खलात एकत्र घोटले जातात. घोटण्याने परक्लोरेटचे कणही बारीक होतात. तुलनेसाठी घेतलेले शुद्ध परक्लोरेट तितकेच घोटले होते काय, हे नमूद केले नसेल तर दिसलेल्या फरकातील उत्प्रेरकाचा वाटा किती आणि घोटण्याचा किती, हे ठरवता येत नाही. नॅनो आणि साध्या ऑक्साइडची तुलना समान वजनाला केली जाते, समान पृष्ठफळाला नाही, ही याच स्वरूपाची त्रुटी होय. येथे सुरक्षिततेचाही मुद्दा आहे. उत्प्रेरकयुक्त परक्लोरेट घर्षणाला अधिक संवेदनशील असू शकते. विद्यार्थ्याच्या हाती खल देताना पदार्थ मिलिग्रॅममध्येच असला पाहिजे, ही बाब लेखाच्या प्रायोगिक भागात स्पष्टपणे येणे इष्ट आहे.

सक्रियण ऊर्जेच्या गणनेविषयीही एक निरीक्षण नोंदवणे आवश्यक आहे. तापविश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या गतिकी समितीने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार तापण्याच्या एकाच वेगावरून काढलेली सक्रियण ऊर्जा विश्वसनीय मानता येत नाही. किमान तीन वेगवेगळ्या तापन-क्रमांची मोजणी अपेक्षित आहे. शिवाय दोन टप्प्यांच्या क्रियेसाठी एकच संख्या देणे हे मुळातच शंकास्पद ठरते.

ज्वलनवेग आणि दाबघातांक

या सर्व अडचणी दूर झाल्या तरी एक निर्णायक बाब शिल्लक राहते. फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॉल व्हिएल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार ज्वलनवेग हा दाबाच्या एका घाताच्या प्रमाणात असतो. त्यातील प्रमाणांक आणि दाबघातांक या दोन्ही राशी पूरक द्रव्यामुळे बदलू शकतात. अभियंत्याच्या दृष्टीने घातांक अधिक महत्त्वाचा असतो, कारण ज्वलनकक्षातील समतोल दाब प्रमाणांकाच्या अशा घातानुसार बदलतो की जो एकातून घातांक वजा करून येणाऱ्या संख्येचा व्यस्त असतो.

एका उदाहरणाने याचे गांभीर्य स्पष्ट होईल. प्रमाणांक १० टक्क्यांनी वाढला असे मानू. घातांक ०.४ असल्यास कक्षातील दाब सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. घातांक ०.७ असल्यास तीच वाढ सुमारे ३७ टक्के होते. घातांक एककाजवळ गेला तर दाब आवरता येत नाही आणि कवच फुटते. वेग वाढवणारा उत्प्रेरक घातांकही वाढवत असेल तर तो उत्तम नव्हे, धोकादायक ठरतो. आणि घातांक कळण्यासाठी निरनिराळ्या दाबांना ज्वलनवेग मोजण्याखेरीज अन्य मार्ग नाही. बाजूंनी लेप दिलेली प्रणोदकाची कांडी नायट्रोजनच्या दाबाखाली बंद पोलादी पात्रात जाळणे ही त्यासाठीची पद्धत १९४० च्या दशकापासून रूढ आहे. पुढे ज्वलनाचा ध्वनी टिपून वेळ मोजण्याची पद्धतही तिला जोडली गेली.

भारतीय संशोधनात हा भेद अज्ञात होता असे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील किशोर व सुनीता यांनी १९७९ मध्ये संक्रमण धातूंच्या ऑक्साइडांवरील संशोधनाचा जो आढावा घेतला, त्याच्या शीर्षकातच अपघटन आणि ज्वलन यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. गोरखपूर विद्यापीठातील गुरदीप सिंग यांच्या गटाने तापविश्लेषणाला ज्वलनवेगाच्या मोजणीची जोड दिली. म्हणजे विद्यापीठीय मर्यादेतही ही मोजणी अशक्य नाही. मागील पिढीने राखलेला हा भेद नंतरच्या विपुल लेखनात पुसट होत गेला, ही खेदाची गोष्ट आहे.

कवठे एकंदचा दाखला

सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील कवठे एकंद हे गाव विजयादशमीच्या आतषबाजीसाठी प्रसिद्ध आहे. ग्रामदैवताच्या पालखीसमोर रात्रभर चालणाऱ्या या दारूकामात औट, शिंगटे असे अनेक प्रकार गावातील मंडळी स्वतः तयार करतात. शोभेची दारू हे घन प्रणोदकाचेच प्राचीन रूप आहे : सोरा हा ऑक्सिडीकारक, कोळसा हे इंधन आणि गंधक हा पेट सुलभ करणारा घटक. धातूचा कीस हे त्यातील पूरक द्रव्य. दिवाळीत उडणाऱ्या अग्निबाणाला मराठीत ‘बाण’ म्हणतात आणि मराठी फौजांतील अग्निबाणांचेही नाव तेच होते, यावरून ही परंपरा येथे किती मुरलेली आहे याची कल्पना येते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या कारागिरीतील एक तत्त्व महत्त्वाचे आहे. कोळसा कोणत्या लाकडाचा, दळण किती बारीक, ठासणी किती घट्ट, यांवर दारूचे जळणे अवलंबून असते. हे रसायनशास्त्रालाही मान्य आहे. घटक तेच असून कणांचे आकारमान व घनता बदलली की ज्वलन बदलते. म्हणून मिश्रणाची परीक्षा ते जाळूनच होते. घटकांच्या गुणांवरून मिश्रणाचा निवाडा कारागीर देत नाही.

तथापि या परंपरेचे उदात्तीकरणही योग्य होणार नाही. डोळ्यांनी केलेल्या परीक्षेत दाब मोजला जात नाही, नोंद राहत नाही, आणि अंदाज चुकल्यास त्याची किंमत माणसे मोजतात. २०१५ मध्ये याच गावातील फटाके निर्मितीच्या ठिकाणी झालेल्या स्फोटात अनेक कामगारांचा जीव गेला. एका बाजूला ज्वलन आहे पण मापन नाही. दुसऱ्या बाजूला मापन आहे पण ज्वलन नाही. विज्ञानाला दोन्हींची एकत्र गरज असते, आणि महाविद्यालयीन संशोधनाने स्वतःची जागा या दोहोंमध्ये नेमकी ओळखली पाहिजे.

महाविद्यालयीन संशोधनाचे स्थान

वरील विवेचनावरून महाविद्यालयांनी हा विषय सोडून द्यावा असा अर्थ निघत नाही. उलट, येथील एका नित्याच्या पद्धतीचा उगमच प्रणोदकशास्त्रात आहे. धातूंची नायट्रेटे आणि ग्लायसीन किंवा युरिया यांचे द्रावण तापवून क्षणार्धात ऑक्साइड मिळवण्याच्या ज्वलन-संश्लेषण पद्धतीत इंधन व ऑक्सिडीकारक यांचे प्रमाण ज्या हिशेबाने ठरवले जाते, तो हिशेब जैन, अडिगा व पै वेर्णेकर यांनी १९८१ मध्ये प्रणोदकांच्या संदर्भात मांडला होता. बंगळूरच्याच के. सी. पाटील यांच्या गटाने १९८८ पासून ही पद्धत पदार्थनिर्मितीसाठी रूढ केली. फेराइट तयार करणारा प्रत्येक विद्यार्थी अशा रीतीने प्रणोदकशास्त्राचे एक सूत्र नकळत वापरत असतो. हा दुवा अध्यापनात स्पष्ट केल्यास विषयाचा पाया पक्का होईल.

प्रश्न आहे तो दाव्याच्या मर्यादेचा. मिलिग्रॅमच्या तापविश्लेषणातून ‘हा पदार्थ परक्लोरेटच्या सावकाश अपघटनाला अमुक प्रमाणात गती देतो’ असे निश्चितपणे म्हणता येते. ‘म्हणून तो पुढील चाचणीस पात्र आहे’ असेही म्हणता येते. प्रणोदकाचा ज्वलनवेग वाढतो असे मात्र म्हणता येत नाही. अनेक पदार्थांतून मोजके निवडण्याची चाळणी म्हणून, तसेच मिश्रणाच्या औष्णिक स्थैर्याचा अंदाज घेण्यासाठी, तापविश्लेषण अत्यंत उपयुक्त आहे. चाळणीलाच तराजू मानणे ही चूक होय.

प्रत्यक्ष ज्वलनाची चाचणी महाविद्यालयाच्या आवारात करण्याचा उत्साह टाळणे श्रेयस्कर आहे. १८८४ चा स्फोटक अधिनियम आणि २००८ चे स्फोटक नियम यांच्या कक्षेत येणारे काम परवाना, प्रशिक्षण आणि योग्य बांधणीची जागा यांविना करता येत नाही व करू नये. त्यासाठी सहकार्य हाच मार्ग आहे. सुतारवाडीची प्रयोगशाळा पुण्यातच आहे. हैदराबाद विद्यापीठात उच्च ऊर्जा पदार्थांचे प्रगत केंद्र कार्यरत झाल्याने विद्यापीठे व संरक्षण संशोधन यांच्यातील सहकार्याचा नमुनाही उपलब्ध आहे. रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांना एकत्र आणून २०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले. सांगलीत १९१९ पासूनचे विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पदार्थनिर्मिती, यंत्रज्ञान व गणिती प्रतिमाने यांची सांगड घालू शकणाऱ्या विद्याशाखा या दोन जिल्ह्यांत उपलब्ध आहेत. उत्प्रेरक येथे तयार व्हावा, त्याची चाळणी येथे व्हावी आणि ज्वलनाची मोजणी अधिकृत ठिकाणी व्हावी, ही विभागणी व्यवहार्य आहे.

परीक्षकांनाही अशा लेखांसंबंधी काही प्रश्न नियमाने विचारता येतील. तुलनेचे शुद्ध परक्लोरेट त्याच पद्धतीने घोटले होते काय? परक्लोरेटच्या व उत्प्रेरकाच्या कणांचे आकारमान आणि उत्प्रेरकाचे पृष्ठफळ नोंदवले आहे काय? तापनाचे किमान तीन क्रम वापरले आहेत काय? बंधकासह एखादा तरी नमुना तपासला आहे काय? ज्वलनवेग मोजला नसल्यास शीर्षकात व निष्कर्षात ‘ज्वलन-उत्प्रेरक’ हा शब्द कशासाठी आहे? यांपैकी शेवटचा प्रश्न विचारण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

या शिस्तीची निकड केवळ तात्त्विक नाही. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने संशोधनलेखांची गणना अध्यापकाच्या पदोन्नतीशी जोडली आणि लवकर पूर्ण होणाऱ्या साच्यांना बळ मिळाले. त्याचा खरा भार विद्यार्थ्यावर पडतो. आलेखावरील शिखर सरकले की प्रणोदक सुधारले, असे शिकून बाहेर पडलेला पदव्युत्तर विद्यार्थी उद्या स्फोटकांच्या कारखान्यात वा संरक्षण प्रयोगशाळेत रुजू होतो. तेथे चुकीच्या अनुमानाचे परिणाम कागदावर राहत नाहीत.

निष्कर्ष

घन प्रणोदकातील पूरक द्रव्यांच्या अभ्यासात तापविश्लेषणाचे स्थान प्राथमिक आहे, अंतिम नाही. तापण्याचा वेग, दाब, बंधकाची उपस्थिती आणि कणांचे आकारमान या चारही बाबतींत तापविश्लेषणातील स्थिती ज्वलनातील स्थितीहून मूलतः भिन्न आहे. एकातून दुसऱ्याचे अनुमान स्वतंत्र मोजणीविना ग्राह्य धरता येत नाही. पूरक द्रव्याची खरी गुणवत्ता निरनिराळ्या दाबांवरील ज्वलनवेग, दाबघातांक, लगद्याचे वर्तन आणि साठवणुकीतील स्थैर्य यांनी मिळून ठरते. सातारा व सांगली येथील महाविद्यालयांना पदार्थनिर्मितीचा अनुभव आहे आणि सहकार्यासाठी संस्थाही जवळ आहेत. दावा पुराव्याइतकाच ठेवल्यास येथील काम आकाराने लहान दिसेल, परंतु पुढील अभ्यासकाला त्यावर विसंबून राहता येईल.